हात पुढे करा, मावशी

सून सासूला रोज गुंगीच्या गोळ्या चारते आणि एक दिवस तिच्याकडून घर आपल्या नावावर लिहून घेणार आहे, ही बातमी गल्लीत आणली समोरच्या शिवणवालीने. शिवणवालीच्या बातम्या तिने शिवलेल्या कपड्यांसारख्याच. माप घेतलेलं असतं, पण अंगाला बसत मात्र नाही.

गोळ्या खऱ्या होत्या. गुंगीही थोडी खरी होती. बाकी सगळं शिवणवालीचं भरतकाम. मुळात घर भाड्याचं. ते नावावर करून घ्यायचं तर गुंगी घरमालकाला आणायला हवी. आणि गोळ्या दिलेल्या होत्या दारू सोडवायच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. सासू स्वतःच तळवा पुढे करून त्या घ्यायची आणि वर म्हणायची, "एवढुशी गोळी! ही माझं काय वाकडं करणार?"

ही सासू म्हणजे आमच्या गल्लीच्या इस्त्रीमावशी.

रस्त्याकडची खोली हेच त्यांचं दुकान. कमरेएवढं लाकडी टेबल, त्यावर दुमडून अंथरलेली दोन जुनी ब्लँकेटं, वर जळक्या डागांची चादर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार ताणलेली, आणि तारेवर गल्लीतल्या पुरुषांचे शर्ट पुरुषांशिवाय लटकत असायचे. मावशी शर्टांवरून माणसं वाचायच्या. "ह्याचा उजवा कोपर बघ कसा झिजलाय. दिवसभर टेबलावर रेलून बसतो आणि घरी जाऊन थकलो म्हणतो." "ही कॉलर बघ. बायको माहेरी गेलीय आणि हा खुशीत आहे." घडी अशी घालायच्या की शर्ट उलगडून अंगात घालायला जिवावर यावं. जीभ तर त्याहून धारदार. त्यांच्या दुकानात कपडे द्यायला गेलेला माणूस स्वतःही थोडा इस्त्री होऊनच बाहेर पडायचा.

त्यांना एकच मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका दुपारी कामावर गेला आणि एका उंच इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पडला. कामाचा दुसरा शर्ट, निळा, तारेवर तसाच राहिला. मागे राहिल्या दोघी, त्याची आई आणि त्याची बायको. लोकांना वाटलं, सून आता माहेरी जाईल. सून गेली नाही. ती टपाल कचेरीत पार्सलं तोलायची. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, आणि दोघी टेबलाच्या एका कोपऱ्यावर, इस्त्री बाजूला सारून, जेवायच्या. तो निळा शर्ट मावशी दर रविवारी उतरवायच्या, इस्त्री करायच्या आणि परत तारेवर चढवायच्या. त्याविषयी दोघींपैकी कोणी कधी अवाक्षर काढलं नाही.

दारू आली ती झोपेच्या निमित्ताने. रात्री डोळा लागावा म्हणून एक घोट. मग मध्येच जाग येऊ नये म्हणून आणखी एक. पुढे सकाळी हात कापायला लागले, तेव्हा ते थांबावेत म्हणून एक. हात थांबले नाहीत तर इस्त्री कशी धरणार? म्हणजे मावशींच्या हिशेबी ती दारू नव्हतीच, कामाचं सामान होतं. आणि सामान ठेवायचं तिथेच त्यांनी ते ठेवलं, कपड्यांवर पाणी शिंपडायच्या बाटलीत. सारख्या दोन बाटल्या, झाकणाला भोकं पाडलेल्या. एकीत पाणी, दुसरीत ते. खूण म्हणून दुसरीच्या गळ्याशी लाल दोरा.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण दोरा तो दोरा, एक दिवस सुटला. आणि मावशींनी हेडमास्तरांचे आठवड्याभराचे शर्ट चुकीच्या बाटलीने भिजवून कडक इस्त्री केले.

हेडमास्तर म्हणजे खोकल्याचं औषधसुद्धा त्यात दारू नाही ना हे बाटलीवर वाचून मग चमच्यात ओतणारा माणूस. भर उन्हात शाळेच्या मैदानावर उभे राहून ते शिस्तीवर बोलत होते, शर्ट तापत होता, आणि पहिल्या रांगेतल्या मास्तरणी हळूहळू दुसऱ्या रांगेत सरकत होत्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की हेडमास्तर घ्यायला लागले. त्यांच्या बायकोने तीन शर्ट हुंगले, पिशवीत कोंबले आणि पिशवी आणून मावशींच्या टेबलावर आपटली.

"मावशी, हे काय?"

"कडक केलेत," मावशी म्हणाल्या.

गल्ली आठवडाभर हसली. सून हसली नाही. तिला केव्हापासूनच माहीत होतं. एका छपराखाली राहून कोणाला कळणार नाही? तिने दोन्ही बाटल्या उचलल्या, पाण्याचीसुद्धा, आणि मोरीत रिकाम्या केल्या. "संपलं," ती म्हणाली. "आजपासून बंद."

तिला वाटलं, बंद म्हणजे बंद. दुसऱ्या दिवशी मावशींच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या. टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या तर टेबल थडथड वाजायला लागलं. संध्याकाळी त्या दाराकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अगं, तो आलाय. किती वेळ उभा आहे. दार उघड की."

सुनेने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. तरी ती जराशी तिथे उभी राहिली. मग आत आली, मावशींच्या पायांत चपला सरकवल्या आणि त्यांना धरून दवाखान्यात घेऊन गेली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर एक लांब बाक. डॉक्टरीणबाई अंगाने बारीक, आवाजाने भरभक्कम. सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा सुनेवरच कडाडल्या. "एकदम तोडायला कोणी सांगितलं तुम्हाला? फिट आली असती. जीव गेला असता त्यांचा!" मग डॉक्टरीणबाई जरा निवळल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं शरीर दारूला टेकून उभं आहे, टेकू एकदम काढला की कोसळणारच. त्या जागी आधी गोळ्यांचा टेकू लावायचा आणि मग तो जरा जरा करून काढून घ्यायचा. भरती करायची गरज नव्हती. पण रोज सकाळी इथे येऊन नाडी दाखवायची, हात दाखवायचे, सुई घ्यायची. आणि गोळ्यांचं पाकीट मावशींच्या हाती द्यायचं नाही.

"घरात चोवीस तास एक शहाणं माणूस लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आहे का?"

"आम्ही दोघीच आहोत," मावशी दात वाजत असताना म्हणाल्या. "त्यातली शहाणी कोण, ते अजून ठरायचंय."

सुनेने रजा टाकली आणि रोजचा शिरस्ता सुरू झाला. सकाळी बाकावर आजूबाजूला कोण कोण असायचं, एक वाढपी, एक अंगावर छान कोट घातलेला गृहस्थ, आणि झोपेच्या औषधांच्या पायी आलेली एक तरुण मुलगी. सगळे एकमेकांच्या हातांकडे चोरून बघायचे. मग आतून सिस्टरचा आवाज यायचा. "मावशी, या. हात पुढे करा. बोटं फाकवा. जीभ बाहेर."

"जीभ बघून काय करणार? तिची ख्याती ऐकली नाहीस का?"

"ऐकलीय. म्हणूनच लांबून बघते."

पहिले दिवस वाईट गेले. मावशी अन्न तोंडात घालायच्या आणि ओकायच्या. कपाळावर ओला कपडा, उशाशी बादली, आणि बाजूला सून. रात्री मावशी रडून म्हणायच्या, "एक घोट दे. फक्त ओठ ओले करते." सून गोळी द्यायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "आई, हात पुढे करा बघू." मग ते कापणारे हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसायची, गोळी लागू पडेपर्यंत. मावशींना पहिल्यांदाच कळलं की पार्सलं उचलून सुनेचे तळवे किती खरखरीत झालेत.

हळूहळू घाम आटला. भूक लागली. टेबलावर इस्त्री परत फिरायला लागली. पाण्याची बाटली मात्र मावशींनी परत हातात धरली नाही. ती बघितली की दुसरी बाटली आठवायची. ओलं फडकं घट्ट पिळून ते कपड्यांवरून फिरवायच्या. एका सकाळी सिस्टरने हात बघितले आणि ओरडलीच, "अरे वा! एकदम दगडासारखे!"

डॉक्टरीणबाईही खूश झाल्या. "छान. आता गोळ्या आणखी कमी करू आणि मग बंद."

हे ऐकून मावशी मात्र खूश झाल्या नाहीत.

कारण एक गोष्ट सांगायची राहिलीय. पलीकडच्या शहरात एक चष्मेवाला होता. बायको वारलेली, स्वतः काचा घासायचा, आणि त्या काचांची पार्सलं सुनेच्या कचेरीतून जायची-यायची. पार्सलांवरून बोलणं झालं, बोलण्यावरून फोन, आणि शेवटी त्याने सरळ विचारलं, माझ्याशी लग्न करशील का? सुनेने मावशींपासून काही लपवलं नाही. हेडमास्तरांच्या शर्टांच्या आधीच सांगून टाकलं होतं. मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "चष्मेवाला आहे म्हणजे नीट बघूनच विचारलं असणार. दिसायला कसा आहे?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे टक्कल आहे."

सून हसली होती. दवाखाना सुरू झाल्यावर मात्र म्हणाली होती, "मी त्यांना सांगितलंय, आई बऱ्या झाल्या की येईन. त्याच्या आधी नाही."

आई बऱ्या झाल्या की. आता दगडासारखे हात मांडीवर ठेवून बाकावर बसलेल्या मावशींना त्या वाक्याचा अर्थ कळला. बरं व्हायचं म्हणजे सुनेला घालवायची. तारेवरच्या शर्टांमध्ये एकटीने जेवायचं. घरात एकच माणूस असं उरलं होतं की ज्याच्यापाशी मुलाचं नाव न घेता मुलाविषयी गप्प बसता येत होतं, आणि तेच निघून जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मावशींचे हात पुन्हा थरथरले.

चांगले दणदणीत थरथरले. बांगड्या असत्या तर वाजल्या असत्या. सिस्टर जरा वेळ बघत राहिली. "जीभ बाहेर," ती म्हणाली. जीभ बाहेर आली आणि काठीसारखी स्थिर राहिली.

"मावशी, हात कापतायत, जीभ कापत नाही. असं कसं?"

"तिला सवय नाही. आयुष्यात कोणासमोर कापली नाही ती."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने डॉक्टरीणबाईंकडे. "बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी ठरल्याप्रमाणे कमीच होईल. पण अजून थोडे दिवस येत राहा." मावशींना वाटलं, जिंकले मी. सून शेजारी उभी होती.

त्यानंतर घरात जे नाटक सुरू झालं त्याला तोड नाही. सून खोलीत असली की मावशींच्या हातातून चमचा पडायचा, बटणं लागायची नाहीत, चहा बशीत हिंदकळायचा. सून बाहेर गेली की त्याच हातांनी बाहीची घडी अशी पडायची की सुरीने कापल्यासारखी. सून परत येताना दारापाशी उगाचच चप्पल घासायची, खाकरायची. मग आत यायची. तोवर मावशी थरथरायला लागलेल्या असायच्या. ती आवाज मुद्दाम करते, हे मावशींच्या बरेच दिवस लक्षात आलं नाही. नाटक करणाऱ्याला समोरचं माणूसही नाटक करत असेल असं सहसा वाटत नाही.

ते कळलं एका दुपारी. मावशी आतल्या खोलीत पडल्या होत्या. सुनेला वाटलं झोपल्यात. ती दुकानात उभी राहून फोनवर बोलत होती, आवाज दाबून.

"नाही हो, कुठलं काय. अजून थरथरतात हात... हो, आज तर जास्तच. सकाळी कपसुद्धा धरता येईना... मी अशी कशी टाकून येऊ? थांबा अजून थोडं... तुम्हाला थांबवत नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

मावशी उठून बसल्या. सकाळी त्या थरथरायला विसरल्या होत्या. साफ विसरल्या होत्या. काठोकाठ भरलेले दोन कप दोन हातांत घेऊन स्वयंपाकघरातून दुकानात आल्या होत्या आणि एक कप सुनेच्या हातात दिला होता. एक थेंब सांडला नव्हता.

दाराच्या फटीतून त्यांनी बघितलं. सुनेने फोन ठेवला. तारेवरच्या निळ्या शर्टाची बाही उचलली, गालाला लावली आणि तशीच उभी राहिली.

मावशींना तेव्हा आठवली ती स्वतःची सासू. मावशी तरुणपणीच विधवा झाल्या, आणि त्यांच्या सासूच्या छातीत दुखायला लागलं ते नेमकं त्याच सुमाराला. मावशींनी बाहेर जायला चपला घातल्या की कळ यायची, चपला काढल्या की जायची. डॉक्टरांना कधी काही सापडलं नाही. पावाच्या गाडीवरचा एक माणूस होता, रोज दारात थांबायचा, विनाकारण जास्तीचा एक पाव द्यायचा. त्याने एकदा विचारलंही होतं. त्या दिवशी म्हातारीने अशी छाती धरली की मावशी दारातूनच मागे फिरल्या. माणूस पुढे दुसऱ्या रस्त्याने जायला लागला. म्हातारी त्यानंतर पुष्कळ जगली, ठणठणीत जगली. तिच्या मरणाला मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, आणि त्याची त्यांना कधी लाजही वाटली नाही.

आता वाटली. पण म्हातारीसाठी नव्हे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सिस्टर म्हणायच्या आधीच मावशींनी टेबलावरचा पेला उचलला, काठापर्यंत पाण्याने भरला आणि एका हातात धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. वळल्या, परत आल्या, पेला खाली ठेवला.

"बंद करा गोळ्या," त्या म्हणाल्या. "आणि हसू नकोस, सिस्टर."

"मी कुठे हसले?" सिस्टर म्हणाली. ती खरंच हसत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अंगातली दारू गेली, पण आतली ओढ इतक्यात जायची नाही. दर आठवड्याला इथे दारू सोडणाऱ्या मंडळींमध्ये येऊन बसायचं, बोलायचं. "मन फारच ओढलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर इथे येऊन बसेन. तुमच्या बाकालाही इस्त्रीची गरज आहे."

सून त्यांना घेऊन घरी आली. दार उघडून आत आली आणि म्हणाली, "एवढी घाई कशाला? अजून थोडे दिवस बघू. मध्येच परत सुरू झालं म्हणजे?"

"नाटक करत होते मी."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"आणि तुम्ही का करत होतात?"

मावशींनी इस्त्रीला हात लावून बघितलं. ती थंडच होती. "माझी सासू छातीला हात लावून बसायची," शेवटी त्या म्हणाल्या. "अजून मनात मी तिला शिव्या घालते. तू मला शिव्या घालायच्या नाहीत. कपडे काढ कपाटातले. सगळ्यांना इस्त्री करून देते. तिथे गेल्यावर चुरगळलेली दिसलीस तर दुकानाचं नाव जाईल."

सून टेबलावर डोकं टेकून रडली. मावशींनी तिचं डोकं जरा बाजूला सरकवलं आणि चादर सारखी केली. "ओलं करतेस ते बरंच," त्या म्हणाल्या. "मला फडकं पिळायला नको."

सगळे कपडे त्यांनी स्वतः केले. रुमालसुद्धा. घड्या एकावर एक रचून पिशवी भरली. शेवटी सुनेने तारेवरच्या निळ्या शर्टाकडे हात केला. "आई, हा नेऊ?"

"वेडी आहेस का? दुसऱ्याच्या घरात पहिल्याचा शर्ट नेतात?" असं म्हणून मावशींनी शर्ट उतरवला, तसाच छातीशी धरला, आणि पाठ फिरवून पुन्हा तारेवर चढवला. चढवायला त्यांना फार वेळ लागला.

निघायच्या दिवशी चष्मेवाला स्वतः गाडी घेऊन आला. टक्कल होतंच. त्याने मावशींना वाकून नमस्कार केला. मावशींनी त्याची कॉलर बघितली, बोटाने सरळ केली आणि म्हणाल्या, "हिला कपडे धुता येतात, इस्त्री येत नाही. तेवढं सांभाळून घ्या." गल्ली दारादारांत उभी होती. शिवणवाली तर पदराने डोळे पुसत होती. घर कोणाच्या नावावर, हे ती पार विसरली होती.

सून गाडीत बसली आणि पुन्हा उतरली. मावशींसमोर येऊन उभी राहिली.

"आई, हात पुढे करा."

"अगं, सगळे बघतायत."

"करा पुढे."

मावशींनी हात पुढे केले. बोटं फाकवली. ती थरथरत होती. बारीक, झरझर, वाऱ्यात कागद थरथरावा तशी. दवाखान्यातल्या त्या खोट्या दिवसांत एकदाही त्यांना अशी थरथर जमली नव्हती. सुनेने ते हात आपल्या खरखरीत हातांत घट्ट धरले, तरी थांबेनात.

"ही खरी की खोटी?" तिने विचारलं.

"खोटी," मावशी म्हणाल्या. "मला नाटकाची सवयच आहे, तुला माहीत नाही का? जा, बस गाडीत."